सीएनसीचं वीजबिल जॉब लावायच्या आधीच काढा

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवरच्या जॉबचं (कामाचं) कोटेशन देताना विजेचा खर्च अंदाजे टाकता ना? त्यापेक्षा एक्सेलमध्ये छोटं सिम्युलेशन करा, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आधी मशीनच्या अवस्था वेगळ्या करा: नुसतं चालू, हायड्रॉलिक आणि कूलंट (थंड करायच्या द्रवाचा) पंप सुरू, स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) रिकामा फिरतोय, आणि प्रत्यक्ष कटिंग. प्रत्येक अवस्थेत किती किलोवॅट जातात ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, पण साध्या क्लॅम्प मीटरने फक्त अँपिअर बघून व्होल्टशी गुणाकार करू नका हां, रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागणारा भाग) कमी असतो म्हणून आकडा फुगतो, किलोवॅट दाखवणारा थ्री फेज पॉवर मीटरच लावा.

कटिंगसाठी सोपा हिशोब. साध्या स्टीलला एक घन मिलिमीटर काढायला साधारण 2 ते 3 जूल लागतात, म्हणजे मिनिटाला 60 घन सेंटिमीटर काढत असाल तर टूलच्या टोकाशी 2 ते 3 किलोवॅट, वर स्पिंडल ड्राइव्हचा लॉस. मग प्रत्येक अवस्थेचे किलोवॅट गुणिले तास, बेरीज केली की युनिट.

वेळ कॅमच्या (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सिम्युलेशनमधून मिळते पण ती बऱ्याचदा आशावादी असते, टूल चेंज, जॉब क्लॅम्प करणं, अॅक्सिसचं थांबणं-पळणं त्यात नीट धरलेलं नसतं, म्हणून एकदा घड्याळ लावून बघाच. हलक्या कटला तर चिप्स (धातूचा कीस) काढण्यापेक्षा पंप आणि पंखेच जास्त वीज खातात, त्यामुळे फीड (टूल पुढे सरकायचा वेग) वाढवून सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) कमी केला की युनिट बहुतेक वेळा उतरतात, टूल टिकलं तर.