मज्जारज्जू शिकताना या चुका टाळा

तोंडी परीक्षेत मी मुलांच्या हातात दहावा थोरॅसिक (छातीच्या भागातला) मणका देते आणि विचारते, "याच्या पोकळीत मज्जारज्जूचा कुठला सेगमेंट असतो?" बहुतेक जण लगेच सांगतात, "टी १०, मॅडम." सेगमेंट म्हणजे रज्जूचा असा तुकडा, ज्यातून नसांची एक जोडी निघते, आणि टी १० म्हणजे दहावा थोरॅसिक. खरं तर तिथे लंबर (कमरेचे) सेगमेंट सुरू झालेले असतात. बाकीच्या बऱ्याच चुका या एकाच गैरसमजातून निघतात, म्हणून त्याच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

कणा आणि मज्जारज्जू एकाच लांबीचे नसतात. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते. मग कणा भराभर वाढतो आणि रज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचं टोक तिसऱ्या लंबर मणक्याशी असतं, मोठ्या माणसात ते पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यांच्या मध्ये, म्हणजे एल १-एल २ च्या आसपास येतं. जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असा हा अवयव त्याच्या घरापेक्षा बराच आखूड आहे.

मग सेगमेंट ओळखायचा कसा? पाठीवर बोटाला लागणाऱ्या मणक्याच्या टोकावरून मोजा. मानेच्या मणक्यात १ मिळवा, वरच्या थोरॅसिक मणक्यात २, खालच्या थोरॅसिक मणक्यात ३. टी १० पाशी एल १ आणि एल २ सेगमेंट येतात, टी ११ पाशी एल ३ आणि एल ४. पहिल्या लंबर मणक्यासमोर सगळे सॅक्रल (कमरेखालच्या त्रिकास्थीचे) सेगमेंट दाटीवाटीने बसलेले असतात, आणि लघवीवरचा ताबा त्यांच्याकडे असतो. बाराव्या थोरॅसिक मणक्याचा चुरा झालेल्या रुग्णाची लघवी का अडते, ते हा हिशोब कळल्याशिवाय समजत नाही.

डिसेक्शनच्या टेबलावर हे एकदा नीट बघून घ्या. मणक्यांच्या मागच्या कमानी कापून काढल्या की आधी पिवळट चरबी आणि शिरांचं जाळं दिसतं. त्याखाली ड्युराची (दृढतानिकेची, म्हणजे सर्वांत बाहेरच्या आवरणाची) पांढरी, चिवट पिशवी. कात्रीच्या टोकाने ती उभी चिरली की रज्जू निमुळता होत संपलेला दिसतो आणि त्याच्याखाली नसांचा जुडगा सुटलेला असतो. घोड्याच्या शेपटीसारखा, म्हणून नाव अश्वपुच्छ. चिमटीने एकेक धागा बाजूला करा. मधोमध एक धागा इतरांहून वेगळा, जरा चकचकीत असतो, तो फायलम टर्मिनेल. ती नस नाही, मृदुतानिकेचा (रज्जूला चिकटलेल्या सर्वांत आतल्या आवरणाचा) धागा आहे आणि तो माकडहाडाला जाऊन चिकटतो. दरवर्षी कुणी ना कुणी त्याला नस म्हणून पिन लावतं.

नसांचे आकडे

पाठीच्या नसांच्या जोड्या ३१: मानेच्या ८, थोरॅसिक १२, लंबर ५, सॅक्रल ५, कॉक्सिजियल (माकडहाडाची) १. मानेचे मणके मात्र ७ च आहेत, म्हणून सी ८ ला (मानेच्या आठव्या नसेला) स्वतःच्या नावाचा मणका नाही. सी १ ते सी ७ आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात, सी ८ सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढची प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून.

इथे अजून एक फसवी जागा आहे. एल ४ आणि एल ५ मधली गादी सरकली तर कुठली नस दबते? मुलं म्हणतात एल ४, कारण ती त्याच फटीतून बाहेर पडते. पण एल ४ गादीच्या वरच्या अंगाने आधीच निघून गेलेली असते. सहसा सापडते ती खाली जायला निघालेली एल ५. म्हणून अशा रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलायला सांगतात.

रूट आणि रॅमस

रूट म्हणजे नसेचं मूळ. डॉर्सल (मागचं) रूट फक्त संवेदना आत आणतं, व्हेंट्रल (पुढचं) रूट फक्त हालचालीचे आदेश बाहेर नेतं. ही विभागणी बेल आणि माझांदी या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवली. पुढे दोन्ही रूट एकत्र येऊन नस बनते आणि तिला लगेच दोन रॅमाय (फांद्या, एकवचनी रॅमस) फुटतात. हे दोन्ही मिश्र असतात, म्हणजे त्यांत संवेदना आणि आदेश दोन्ही जातात. "डॉर्सल रॅमस म्हणजे संवेदी" असं लिहिलं की गुण गेलेच. गँग्लियनचा (चेतापेशींच्या पुंजक्याचा) फुगीर भाग डॉर्सल रूटवर काढा, व्हेंट्रलवर नाही. आणि आकृतीत करडा भाग आत, पांढरा बाहेर. मेंदूत उलट असतं, त्या सवयीने हात चुकतो.

आवरणांचा गोंधळ

दृढतानिका, जालतानिका, मृदुतानिका ही नावं सगळ्यांना पाठ असतात. चुका त्यांच्यामधल्या जागांत होतात. मस्तिष्क-मेरुद्रव (मेंदू आणि रज्जूभोवतीचं पाणी) जालतानिका आणि मृदुतानिका यांच्यामध्ये असतो, ड्युराच्या बाहेर नाही. ड्युराच्या बाहेरची ती चरबीची जागा म्हणजे एपिड्युरल. कवटीत ती एरवी नसतेच, कण्यात मात्र खरोखरची जागा आहे. रज्जू एल १-एल २ ला संपला तरी ड्युराची पिशवी एस २, म्हणजे दुसऱ्या सॅक्रल मणक्यापर्यंत जाते. या मधल्या भागात द्रव आहे, नसा आहेत, पण रज्जू नाही. म्हणूनच लंबर पंक्चरची (पाठीतून हा द्रव काढण्याची) सुई एल ३-एल ४ किंवा एल ४-एल ५ मध्ये घालतात. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या लंबर मणक्यापाशी जाते, ती बोटाने शोधायला शिका. तान्ह्या बाळात रज्जू खालपर्यंत असतो, त्यामुळे तिथे वरची फट निवडणं धोक्याचं.

घरोघरी होणाऱ्या चुका

हे नातेवाइकांशी बोलताना उपयोगी पडेल. "पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो" ही भीती अजून आहे. सुई रज्जूच्या टोकाच्या खाली जाते आणि द्रवात तरंगणाऱ्या नसा सहसा बाजूला सरकतात, हे साध्या शब्दांत सांगा. नंतर डोकं दुखू शकतं, उठून बसल्यावर जास्त, तेही आधीच सांगून ठेवा. दुसरा घोळ आपल्या भाषेतला आहे. मज्जारज्जू आणि अस्थिमज्जा या दोन्हींत "मज्जा" आहे. बोन मॅरोची तपासणी बहुधा कमरेच्या हाडातून होते, तिचा रज्जूशी काही संबंध नाही. आई-बापांना हे कुणी सांगत नाही आणि ते रात्रभर जागे राहतात. "शीर दबली" म्हणणाऱ्यालाही विचारून घ्या, कारण शीर म्हणजे त्याच्या मनात रक्तवाहिनी असू शकते. "मणक्यात गॅप आलाय" हे तर कुठल्याही दुखण्याला म्हणतात. तेव्हा नेमकं कुठे दुखतं आणि कुठवर उतरतं ते बोटाने दाखवायला सांगा.

आणि कंबरदुखीच्या रुग्णाने लघवी अडल्याचं किंवा बसायची जागा बधिर झाल्याचं सांगितलं, तर अश्वपुच्छावर दाब आल्याची शंका घ्या. त्याला "विश्रांती घ्या" म्हणून घरी पाठवू नका, त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचवा.