सज्ञान होण्याचा कौटुंबिक सोहळा आणि दोन चित्रपटांचा दिवस : आखणी कशी करावी

घरातले मूल मोठे झाले हे सर्वांनी मिळून मान्य करण्याचा दिवस चित्रपट पाहून साजरा करावा, ही कल्पना ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात मात्र सोहळा आणि चित्रपट यांचा स्वभाव परस्परविरोधी असतो. एखादे मामा पोहोचलेले नाहीत म्हणून सोहळा अर्धा तास थांबतो आणि कोणाचे भाषण लांबले तरी निभावून नेता येते, पण चित्रपटाचा खेळ कोणासाठीही थांबत नाही. म्हणूनच आधी चित्रपटांच्या वेळा पक्क्या कराव्यात आणि उरलेल्या मोकळ्या जागेत सोहळा बसवावा. आमच्या पुतणीच्या वेळी आम्ही नेमके उलटे केले. सकाळी शुभेच्छांची भाषणे ठेवली, ती रंगली, आणि जिचा दिवस होता तीच चित्रपटगृहाच्या अंधारात खुर्ची चाचपडत पोहोचली, तेव्हा पडद्यावर कथा दहा मिनिटे पुढे गेलेली होती. पुढील आखणी त्या चुकीतून शिकून केलेली आहे.

पहिली पायरी : उत्सवमूर्तीकडे सूत्रे देणे

कोणते चित्रपट पाहायचे, कोणाला बोलवायचे आणि कोणाशेजारी कोण बसेल, या तिन्ही गोष्टींत उत्सवमूर्तीचा शब्द अखेरचा असावा. मोठे होण्याचा सोहळा करायचा आणि चित्रपट मात्र वडीलधाऱ्यांनी निवडायचा, हे विसंगत आहे. वडीलधाऱ्यांनी खर्चाची मर्यादा, निमंत्रितांची कमाल संख्या आणि घरी परतण्याची वेळ एवढे आधी स्पष्ट सांगावे, आणि त्या चौकटीत हस्तक्षेप करू नये. निवडलेला चित्रपट आजोबांना आवडणार नाही, अशी शंका येईल. त्यावरचा उपाय तिसऱ्या पायरीत आहे. मात्र आश्चर्याचा धक्का म्हणून सगळा दिवस गुपचूप ठरवण्याचा मोह टाळावा.

दुसरी पायरी : तारीख आणि वयाचा दाखला

येथे एक बारीक अडचण असते आणि ती बहुतेकांना तिकीट तपासणाऱ्यासमोर उभे राहिल्यावर कळते. वाढदिवस बुधवारी येतो आणि सोयीसाठी सोहळा आधीच्या रविवारी ठेवला जातो. त्या रविवारी उत्सवमूर्तीचे वय अजून सतराच असते. भारतात ‘ए’ प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच पाहता येतो, ब्रिटनमध्ये ‘१८’ या वर्गाचाही नियम तसाच आहे, आणि आईवडील सोबत असले तरी या दोन्ही ठिकाणी सूट मिळत नाही. अमेरिकेत ‘आर’ वर्गाच्या चित्रपटाला सतरा वर्षांखालील मुलांना पालकांसोबत प्रवेश मिळतो, ‘एनसी-१७’ वर्गाला मात्र मिळत नाही. त्यामुळे दिवसाचे आकर्षण प्रौढांसाठीचा चित्रपट हेच असेल, तर तारीख वाढदिवसाची किंवा त्यानंतरची घ्यावी आणि जन्मतारीख असलेले ओळखपत्र सोबत ठेवावे.

सज्ञान होण्याचे वय सगळीकडे एकच नसते, हेही ध्यानात असू द्यावे. जपानने हे वय १ एप्रिल २०२२ पासून विसावरून अठरावर आणले. कित्येक कुटुंबे तेरावे किंवा पंधरावे वर्षच मोठेपणाचा उंबरठा मानतात. उत्सवमूर्ती तेरा-पंधराची असेल, तर प्रमाणपत्राकडे अधिकच लक्ष द्यावे. भारतात ‘यूए’ वर्गाचे आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन उपवर्ग आहेत. त्यांतील वय पालकांना निर्णय घेता यावा म्हणून दिलेले असते. ‘ए’ वर्गासारखी ती प्रवेशबंदी नसते.

तिसरी पायरी : दोन चित्रपट, दोन प्रकारचे प्रेक्षक

एकाच चित्रपटात आजी, सहा वर्षांचा भाचा आणि उत्सवमूर्तीचे मित्र या सगळ्यांना खूश करण्याच्या प्रयत्नात कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून दोन चित्रपट घ्यावेत. सकाळचा चित्रपट सर्वांचा, शक्यतो दोन तासांच्या आतला आणि कथा सहज समजेल असा असावा. संध्याकाळचा चित्रपट पूर्णपणे उत्सवमूर्तीच्या आवडीचा असावा आणि त्याला येण्याची सक्ती कोणावरही करू नये. सकाळी सर्वांची हजेरी लागलेली असल्याने संध्याकाळी आजी-आजोबा घरी थांबले तरी कोणाला रुखरुख लागत नाही. हा क्रम उलटा करू नये, कारण थकलेली लहान मुले आणि ज्येष्ठ माणसे संध्याकाळच्या खेळात एकतर झोपतात किंवा इतरांना पाहू देत नाहीत.

दोन्ही चित्रपटांची जात वेगळी असलेली बरी. सलग दोन मारधाडपट पाहिले की दुसऱ्या चित्रपटातली हाणामारी मनावर उमटतच नाही. निवडीपूर्वी कोणी तरी एकाने, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या विश्वासू माणसाने, चित्रपटातील नाजूक प्रसंगांची कल्पना द्यावी. वर्षभरात घरात एखादा मृत्यू झालेला असेल, तर ही चौकशी टाळू नये.

चौथी पायरी : वेळेचे गणित

जाहिरात केलेली वेळ ही चित्रपट सुरू होण्याची वेळ असतेच असे नाही. तिच्यानंतर जाहिराती आणि आगामी चित्रपटांच्या झलका येतात, काही ठिकाणी मध्यंतर असते, आणि मोठ्या चित्रपटांची श्रेयनामावली कित्येक मिनिटे चालते. चित्रपटाची लांबी प्रमाणपत्रावर मिनिटांत दिलेली असते. तिच्यात जाहिरातींसाठी पंधरा मिनिटे आणि मध्यंतर असल्यास आणखी पंधरा मिनिटे मिळवून हिशेब करावा.

उदाहरणार्थ, सकाळी १०.३० चा खेळ आणि ११० मिनिटांचा चित्रपट असेल, तर मध्यंतरासह तो साधारण १२.५० ला संपेल. वीस माणसांचा गट स्वच्छतागृह उरकून, हरवलेली ओढणी शोधून आणि वाहनांपर्यंत पोहोचून मार्गी लागायला पाऊण तास सहज घेतो. म्हणजे जेवण पावणेदोनच्या आधी मांडू नये. जेवण आणि सोहळा मिळून सव्वादोन तास धरले, तर चार वाजतात. संध्याकाळचा खेळ ५.१५ च्या आधीचा घेऊ नये. १४० मिनिटांचा चित्रपट मग आठच्या सुमारास संपतो. सोहळा आणि दुसरा खेळ यांच्यात सोडलेला हा सव्वा तास रिकामा दिसतो म्हणून त्यात आणखी एखादा कार्यक्रम घुसवण्याची सूचना हमखास येते. ती नाकारावी. उशिरा येणारे, रडणारे आणि कपडे बदलणारे या सर्वांचा हिशेब त्या सव्वा तासातच चुकता होतो.

पाचवी पायरी : खुर्च्या

पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावरचा मधला भाग उत्तम, कारण चित्रपटगृहाचा ध्वनी जुळवताना मोजमाप त्याच परिसरात घेतले जाते. पहिल्या दोन-तीन रांगा स्वस्त असोत वा रिकाम्या, त्या घेऊ नयेत. मान वर करून दोन तास बसल्यावर सोहळ्याच्या छायाचित्रांत सगळे मान चोळताना दिसतात.

वीस जणांना एकाच लांब रांगेत बसवण्यापेक्षा एकामागोमाग एक अशा तीन रांगांत बसवावे. अशाने उत्सवमूर्ती मधल्या रांगेच्या मध्यभागी बसते आणि सर्वांच्या मधोमध राहते. चाकाच्या खुर्चीवरचे कोणी येणार असेल, तर आरक्षण तेथूनच सुरू करावे, कारण त्या जागा ठरलेल्या आणि मोजक्या असतात. इतरांच्या खुर्च्या त्यांच्याभोवती घ्याव्यात. लहान मुलांसाठी कान पूर्ण झाकणारे संरक्षक न्यावेत, कापसाचे बोळे फारसे उपयोगी पडत नाहीत. वारंवार बाहेर जावे लागणाऱ्यांना कडेची खुर्ची द्यावी आणि ती का दिली याचा उच्चार करू नये.

सर्व तिकिटे एकाच माणसाच्या मोबाइलवर ठेवू नयेत. तो माणूस वाहन लावायला गेला, की उरलेले एकोणीस जण दाराशी तिष्ठत राहतात.

सहावी पायरी : सोहळा

सोहळा चित्रपटगृहाच्या दालनात करू नये. तेथे गोंगाट असतो, पुढच्या खेळाचे प्रेक्षक धक्के देत जातात आणि कोणाचाही आवाज तिसऱ्या माणसापलीकडे पोहोचत नाही. जेवणाच्या ठिकाणी वेगळी खोली घ्यावी किंवा घरीच यावे. आपल्या घराण्याचा वा धर्माचा जो विधी असेल तो आपल्या रीतीने व्हावा. त्याबाहेरच्या भागासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत.

बोलणारे चारपेक्षा अधिक नसावेत आणि प्रत्येकाने तीन मिनिटांत आटपावे. वेळ सांभाळण्याचे काम लहान भावंडाकडे द्यावे, कारण मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला थांबवले की रुसवा होतो आणि दहा वर्षांच्या मुलाने घंटी वाजवली की हशा होतो. भाषणात उपदेश नको. उत्सवमूर्तीने स्वतः काही केले, अशी एखादी पाहिलेली घटना सांगावी. दुसरे म्हणजे भेटवस्तूंबरोबर एखादी खरी जबाबदारी सुपूर्द करावी. घराची किल्ली किंवा स्वतःच्या नावावरच्या कागदपत्रांची फाइल यांसारखी ती हातात घेता येणारी असावी. तिसरे म्हणजे उत्सवमूर्तीलाही बोलू द्यावे, आणि शेवटी बोलू द्यावे.

सातवी पायरी : घरची चित्रफीत मोठ्या पडद्यावर

ही पायरी ऐच्छिक आहे, तरी तिच्यासाठी कष्ट घ्यावेत असे माझे मत आहे. अनेक चित्रपटगृहे खासगी खेळासाठी संपूर्ण पडदा भाड्याने देतात. तसे केल्यास मुख्य चित्रपटापूर्वी उत्सवमूर्तीच्या बालपणाची चार-पाच मिनिटांची चित्रफीत दाखवता येते. मुख्य चित्रपटाची परवानगी मात्र चित्रपटगृहामार्फत वितरकाकडून घ्यावी लागते. घरी पाहण्यासाठी घेतलेली डिस्क किंवा वर्गणी भरलेली ऑनलाइन सेवा तेथे लावणे त्या सेवांच्या अटींत बसत नाही.

चित्रफीत देताना तांत्रिक बाबी आधी विचाराव्यात. चित्रपटगृहांचे प्रक्षेपक सहसा डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) नावाच्या, चित्र आणि आवाजाच्या फाइलींच्या संचातून चित्रपट दाखवतात. या संचात नेहमीच्या रुंदीच्या चित्राचा आकार १९९८ × १०८० बिंदू आणि गती बहुधा सेकंदाला २४ चित्रे असते, तर मोबाइलवरचे चित्रीकरण बहुतेक वेळा सेकंदाला ३० चित्रे या गतीने झालेले असते. हे रूपांतर निष्काळजीपणे केले, तर धावणारे मूल पडद्यावर अडखळत धावते. ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ या विनामूल्य संगणक-प्रणालीने असा संच घरीही बनवता येतो. मोबाइल उभा धरून केलेल्या चित्रीकरणाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या लपवण्यासाठी चित्र ताणू नये, चेहरे विद्रूप होतात. संच किमान दोन दिवस आधी द्यावा आणि त्याच पडद्यावर आवाजासह एकदा चालवून पाहावा.

मोठा पडदा काय दाखवतो याचा अंदाज घरात बसून येत नाही. पुतणीच्या चित्रफितीत ती सायकल शिकत असतानाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा होता. वहिनी चित्रीकरण करत होत्या, माझा भाऊ सायकलमागून धावत होता आणि ‘धरलंय, धरलंय’ असे ओरडत होता. मोबाइलवर तो तुकडा आम्ही अनेकदा पाहिला होता. तीस फूट रुंद पडद्यावर पहिल्यांदाच दिसले, की ओरडताना त्याचा हात सीटपासून चांगला वीतभर मागे होता. अंधारात पुतणी म्हणाली, “बाबा, तुम्ही केव्हाच सोडलं होतं की!” भावाने उत्तर दिले नाही.

आठवी पायरी : खेळ सुटल्यानंतर

संध्याकाळचा चित्रपट संपल्यावर लगेच पांगू नये. अर्धा तास कोठे तरी बसून चित्रपटाविषयी बोलावे, आणि पहिले मत उत्सवमूर्तीला मांडू द्यावे; घरातल्या थोरल्याने आधी निकाल दिला, की बाकीचे त्याच्याच मागे जातात. मतभेद झाले तर होऊ द्यावेत.

तिकिटे आठवण म्हणून जपायची असतील, तर त्याच रात्री त्यांची छायाचित्रे घ्यावीत. बरीच तिकिटे उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात आणि प्रकाशात काही वर्षांत ती कोरी होतात. जपण्यासाठी त्यांना गरम लॅमिनेशन करू नये, त्या उष्णतेने अख्खे तिकीट काळे पडते. प्लॅस्टिकच्या पाकिटातही अक्षरे फिकट होतात. साध्या कागदी पाकिटात, कपाटाच्या अंधारात ती ठेवावीत आणि पाकिटावर तारीख, दोन्ही चित्रपटांची नावे व रांगांचे क्रमांक पेन्सिलीने लिहावेत.