कॉलेजचा बास्केटबॉल संघ बांधताना या चुका टाळा

जून सरत आला की गोव्यातल्या अनेक कॉलेजांच्या सूचनाफलकावर कागद लागतो: बास्केटबॉलची निवड चाचणी, दुपारी चार वाजता. बाहेर पाऊस, उघडं कोर्ट निसरडं, आणि आलेल्यांतले निम्मे मित्राला सोबत म्हणून आलेले. त्यातूनच बारा नावं काढून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचं. अशा संघाला नंतर कितीही चांगला प्रशिक्षक मिळाला तरी तो फार काही करू शकत नाही, कारण खरी चूक आधीच होऊन गेलेली असते.

शोध प्रवेशानंतर सुरू करणं

बास्केटबॉल बारावीनंतर पहिल्यांदा हातात घेऊन तीन वर्षांत स्पर्धेपुरता येत नाही. म्हणून खेळाडू हायर सेकंडरीतच हेरावा लागतो. १९ वर्षांखालील आंतरशालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. तिथे जाऊन बसा, आणि फक्त अंतिम सामना बघू नका. पहिल्याच फेरीत हरलेल्या संघातही एखादी मुलगी दोन जणींच्या घेऱ्यातून अचूक पास काढताना दिसते. तिचं नाव लिहून घ्या, तिच्या शारीरिक शिक्षण शिक्षकांशी बोला. खेळाचे गुण मिळावेत म्हणून बारावीपर्यंत खेळलेली आणि नंतर बूट कोपऱ्यात टाकलेली मुलंही थोडीथोडकी नाहीत. त्यांना कुणी विचारतच नाही. प्रवेशाच्या दिवसांत एक फोन केला तरी त्यातली काही परत येतात.

उंची बघून भुलणं

ही चूक मला सगळ्यात महाग वाटते. रिंग ३.०५ मीटरवर आहे, तेव्हा उंच मुलगा हवाच, हे खरं. पण सहा फुटांचा मुलगा वर्गात दिसला की त्याला थेट सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, करून टाकायचं, हे बरोबर नाही. त्याचे पाय हलत नसतील तर समोरचा चपळ गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, त्याला तीन-चार मिनिटांत दोन फाउल करायला लावतो. पाच फाउल झाले की तो बाहेर, आणि त्याच्याभोवती आखलेला सगळा खेळ मोडतो.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं एक उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलए (लॉस एंजेलिसमधलं विद्यापीठ) संघाने १९६४ साली पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही ३० पैकी ३० सामने जिंकून. त्या संघाच्या सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही खेळाडू नव्हता. पूर्ण कोर्टभर दाब ठेवायचा आणि समोरच्याला चेंडू पुढे न्यायलाच अवघड करायचं, ही त्यांची ताकद होती. उंच मुलं कमी मिळतात अशी तक्रार करणाऱ्या कॉलेजांनी त्या दाबाला लागणारे पाय शोधावेत.

आणि असे पाय गोव्यात फुटबॉलच्या मैदानावर आहेत. बाजूला सरकत बचाव करणं, मोकळी जागा ओळखणं, पुन्हा पुन्हा धावणं हे फुटबॉलपटूला आधीच येतं. गोलकीपरला तर उडी आणि पकड यांचा मेळ साधलेला असतो, म्हणजे रिबाउंडसाठी (चुकलेला शॉट पकडण्यासाठी) लागणारं निम्मं काम झालेलं. व्हॉलीबॉलचे ब्लॉकरही बघा. मात्र दोन्ही खेळांच्या तारखा एकत्र आल्या तर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी त्या खेळाडूशी आणि दुसऱ्या प्रशिक्षकाशी मोकळेपणाने ठरवा. खेळाडूला ओढाताणीत टाकू नका.

चाचणीत फक्त नेम मोजणं

रिकाम्या कोर्टवर दहापैकी आठ चेंडू टाकणारा सामन्यात गप्प होतो, असं वारंवार दिसतं. त्याऐवजी तिघा-तिघांचे छोटे सामने लावा. चेंडू गेल्यावर कोण मागे धावतो, चुकलेल्या साथीदाराकडे कोण कसं बघतो, थकल्यावर कोण बोलत राहतो, याची नोंद ठेवा. ही चाचणी एका दुपारी उरकू नका. जमल्यास छताखालचं कोर्ट मिळवा.

आता नेहमीच्या दोन तक्रारी. संघ तीन क्वार्टर पुढे असतो आणि चौथ्यात कोसळतो: बारा नावं असली तरी खेळण्याजोगे सहाच निवडलेत. चेंडू छान फिरतो, पण चुकलेला प्रत्येक शॉट समोरचे घेऊन जातात: सगळे गार्डच घेतलेत. दोन्हींचा उपाय सरावात नाही, पुढच्या निवडीत आहे.

घर आणि बस विसरणं

वाळपई किंवा काणकोणहून रोज पणजीला येणाऱ्या मुलाचा सराव सात वाजता संपला तर तो घरी कधी पोचणार? काही आठवड्यांनी तो यायचा थांबतो आणि आपण त्याला आळशी म्हणतो. मुलींच्या बाबतीत घरचा नकार बहुधा खेळाला नसतो, त्या उशिराला असतो. म्हणून निवडीपूर्वीच बसची वेळ विचारा. शेवटच्या तासाला लागून सराव ठेवा, आणि उरलेल्या दिवशी गावातल्या शाळेच्या कोर्टवर एकट्याने करायचा सराव लिहून द्या. आईवडील विचारतात, ‘सर, अभ्यास बुडणार नाही ना?’ त्यांना सरावाचं आणि परीक्षेचं वेळापत्रक एकाच कागदावर दाखवा. खेळामुळे नोकरी मिळेल असं सांगून मुलगा मिळवू नका. तो शब्द पाळणं तुमच्या हातात नसतं.

कागदपत्रं शेवटी तपासणं

आंतरविद्यापीठ स्पर्धांना असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचे पात्रता नियम लागतात: वय, बारावी होऊन झालेली वर्षं, नियमित पूर्णवेळ प्रवेश. वर्षं वाया गेलेल्या किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या खेळाडूची कागदपत्रं प्रवेशाच्याच आठवड्यात, त्या वर्षीचे नियम समोर ठेवून तपासा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाव कापलं गेलं, तर वर्षभर घाम गाळलेल्या त्या मुलाला तुम्ही काय सांगणार?