टोमणा मारा, पण टाऊन सेंटर थांबवू नका

एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या युद्धखेळात एक व्हिलेजर (कामकरी गावकरी) तयार व्हायला २५ सेकंद लागतात. हे खेळातल्या घड्याळाचे सेकंद. डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीचा नेहमीचा वेग १.७ पट असल्यामुळे भिंतीवरच्या घड्याळात ते जेमतेम १५ भरतात, आणि एक झकास टोमणा टाइप करायलाही साधारण तेवढेच जातात. म्हणजे 'काय भावा, गावात कोणी आहे की नाही?' असं लिहीत बसलात आणि टीसी (टाऊन सेंटर, जिथे व्हिलेजर तयार होतात) रिकामं राहिलं, तर त्या वाक्याची किंमत एक व्हिलेजर. दहा मिनिटांत असे पाच टोमणे मारणारा पाच व्हिलेजरने मागे पडतो आणि पुढची अर्धी संध्याकाळ दुसऱ्यांचे टोमणे ऐकतो.

म्हणून बोलायची जागा कुठे आहे ते आधी शोधायचं. त्याआधी लॉबी नीट लावा.

चार-सहा मित्र जमले की नकाशा अरेबिया, साधनं स्टँडर्ड, लोकसंख्या २००, टीम लॉक आणि वेग लॉक. चीट बंद. रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण 'मी आधी कॅसलला (तिसऱ्या युगात) गेलो होतो' हा वाद त्याशिवाय मिटत नाही. नवखे असतील तर अरेबियावर नेऊ नका. तिथे दहाव्या मिनिटाला घोडे दारात येतात. अरीना घ्या, सुरुवातीपासूनच दगडी तटबंदी मिळते. किंवा ट्रीटी लावून ठरावीक मिनिटांपर्यंत हल्ला बंद ठेवा. गटात एकाचा संगणक जुना असेल तर तो आधीच ओळखा. या खेळात इंटरनेटवरून सैन्य जात नाही, फक्त हुकूम जातात आणि प्रत्येकाचा संगणक सगळी लढाई स्वतः पुन्हा मांडतो. त्यामुळे एकाचं यंत्र धापा टाकायला लागलं की सगळ्यांचाच खेळ रखडतो. आठ जण आणि प्रत्येकी २०० म्हणजे १६०० माणसं-घोडे. अशा गटात लोकसंख्या १५० वर आणा आणि त्या मित्राला ब्राउझर बंद करायला सांगा.

लॉबीत कोणी रेडी बटण दाबत नसेल तर चॅटमध्ये १४ टाका, 'सुरू करा की आता' असा आवाज जातो. हे आकडे म्हणजे खेळातच भरलेले टोमणे, १ ते ४२ तरी पाठ असावेत. आकडा इंग्रजी अंकात टाइप करून एंटर दाबायचं, एवढंच. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर आधी बदला, नाहीतर टोमणाही जाणार नाही आणि शॉर्टकटही चालणार नाहीत. ११ म्हणजे ते प्रसिद्ध हसणं. जगभरचे खेळाडू आता हसू आलं की नुसतं ११ लिहितात. ३० म्हणजे वोलोलो, धर्मांतर करणाऱ्या मंकचा मंत्र. २० म्हणजे 'माझी आजी याहून बरी लढते', २१ म्हणजे 'छान गाव आहे, मीच घेतो', १३ म्हणजे 'हो हो, दोष इंटरनेटवाल्यालाच दे'. आकड्याचा मोठा फायदा असा की दोन कळा आणि एंटर, अर्ध्या सेकंदात काम. वाक्य महाग, आकडा स्वस्त.

३, ४, ५, ६ मात्र टोमणे नाहीत, मागण्या आहेत: अनुक्रमे अन्न, लाकूड, सोनं, दगड. या फक्त साथीदारांना जायला हव्यात. सर्वात जास्त होणारी चूक हीच. चॅट 'सर्वांना' वर राहतो, तुम्ही ४ टाकता आणि शत्रूला कळतं की तुमच्याकडे लाकूड नाही, म्हणजे शेतंही नाहीत आणि कुंपणही नाही. पुढच्या मिनिटात त्याचे घोडे तुमच्या लाकूडतोड्यांवर. १२ चंही तसंच. 'माझ्यावर रश (लवकरचा हल्ला) आलाय' हे साथीदाराला सांगायचं असतं, रश करणाऱ्याला नाही. एंटर दाबण्याआधी चॅट कुठे जातोय ते बघायची सवय लावून घ्या.

आता सुरुवात. हाताशी तीन व्हिलेजर, एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार), २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. खेळ उघडताक्षणी एच दाबून टीसी निवडा आणि चार व्हिलेजर रांगेत लावा, २०० अन्नात तेवढेच बसतात. तिन्ही व्हिलेजर दोन घरं बांधतील (प्रत्येकी २५ लाकूड, पाच माणसांची सोय). घर बांधायचं राहिलं की उत्पादन अडतं, आणि अडलेलं उत्पादन हेच पुढच्या सगळ्या टोमण्यांचं मूळ.

पहिले सहा व्हिलेजर मेंढ्यांवर, टीसीच्या अगदी पायथ्याशी. पुढचे चार लाकडावर, १०० लाकडाचा लंबर कॅम्प झाडांना चिकटवून. अकरावा रानडुक्कर आणायला. पुढचे चार बेरीवर. त्यातला पहिला वाटेत घर बांधतो आणि मग मिल. दोन जण परत टीसीखाली, तेवढ्यात दुसरं डुक्कर आलेलं असतं. शेवटचे तीन लाकडावर. वीस व्हिलेजर आणि एक स्काउट मिळून २१ झाले की लूम हे संशोधन घ्या (५० सोनं) आणि ५०० अन्न देऊन फ्यूडलचं, म्हणजे दुसऱ्या युगाचं, बटण दाबा. टीसी एक क्षणही रिकामं राहिलं नसेल तर घड्याळात साडेसात मिनिटं दिसतील. नवशिक्याला आठ-सव्वाआठ लागले तरी चालेल. दहा लागले तर दोष व्हिलेजर कुठे पाठवले याचा नसतो, टीसी रिकामं राहिल्याचा असतो.

डुक्कर हमखास चुकतं. दोन बाण मारून लगेच टीसीकडे पळायचं. एक बाण मारून वाट बघत बसलात तर ते कधी अर्ध्यातून परत फिरतं, आणि जास्त मारत बसलात तर व्हिलेजर मरतो. टीसीखाली आल्यावर मेंढीवरच्या सगळ्यांनी मिळून ते मारायचं. टीसीच्या बाणाने मेलं तर मांस गेलं, एक घासही मिळत नाही. एका डुकरात ३४० अन्न, म्हणजे जवळजवळ सात व्हिलेजरचा खर्च. म्हणूनच शत्रूच्या स्काउटने येऊन डुक्कर स्वतःच्या गावाकडे ओढून नेणं हा या खेळातला सर्वात झोंबणारा अपमान आहे. मेंढ्यांचंही तेच: तुमचं कोणी जवळ नसेल आणि परका स्काउट आला की मेंढी त्याची होते. अरेबियावर चार मेंढ्या टीसीजवळ असतात, बाकीच्या जोड्या लांब. स्काउटची पहिली फेरी त्यांच्यासाठीच. मेंढी पळवली तर नुसतं ११ टाका. पळवली गेली असेल तर 'राहू दे, उपास असेल तुझा' इतकंच पुरे. रडगाणं लावलं की तो दुसरी न्यायला येतो.

आणि आता ती बोलायची जागा. फ्यूडलचं संशोधन चालू असताना टीसी व्हिलेजर बनवत नाही. १३० सेकंद, म्हणजे खरे सुमारे ७६. कॅसलला जाताना १६० सेकंद, खरे सुमारे ९४, खर्च ८०० अन्न आणि २०० सोनं. या दोन खिडक्यांत टाइप केलेल्या वाक्याला व्हिलेजर मोजावा लागत नाही. बटण दाबलं की आधी बॅरॅक (१७५ लाकूड) टाका, रिकाम्या व्हिलेजरसाठी पूर्णविरामाची कळ एकदा दाबून बघा, आणि मग खुशाल लिहा. एक धोका लक्षात ठेवा. चॅटची चौकट उघडी असताना एच दाबलं तर टीसी निवडलं जात नाही, वाक्यात 'एच' उमटतो. बाहेर स्काउट मरत असतो आणि तुम्ही शुद्धलेखन तपासत असता.

फ्यूडलला पोचताच १७५ लाकडाचं स्टेबल, प्रत्येकी ८० अन्नाचे तीन स्काउट, आणि थेट समोरच्याच्या लाकडावर किंवा सोन्यावर. समोरून भालाईत आले (३५ अन्न, २५ लाकूड) की मागे फिरा. भाल्यावर घोडा घालणं म्हणजे फुकट देणं. समोरच्याने तिरंदाज काढले तर स्कर्मिशर (भालाफेके) काढा, त्यांना सोनं लागत नाही. कुंपण तीन लाकडाला एक चौकोन, तेव्हा आळस नको. पण दरवाजा जपून. साथीदाराच्या सैन्यासाठीही तो उघडतो, आणि त्याच फटीतून शत्रूचा घोडा आत शिरतो. तेव्हा येणारा टोमणा ठरलेलाच: 'दार उघडंच होतं, म्हटलं बोलावलंय.' यावर उत्तर नसतं. दरवाजाला कुलूप लावायचं बटण मात्र असतं.

तीन किंवा चार जणांच्या टीममध्ये कडेच्या दोघांना फ्लँक म्हणतात, मधल्यांना पॉकेट. फ्लँकवर पहिला मार बसतो, म्हणून तिथे तिरंदाज आणि कुंपण. पॉकेटला थोडी उसंत असते, त्याने स्काउटवरून नाइटकडे, म्हणजे जड घोडदळाकडे, जायचं (६० अन्न, ७५ सोनं). पॉकेटवाल्याने बाराव्या मिनिटाला फ्लँकची थट्टा करू नये. तो तुमचाही मार खात असतो. थट्टेऐवजी सामान पाठवा. त्यासाठी मार्केट लागतं, आणि सुरुवातीला ३० टक्के कर: साथीदाराला १०० पोचवायचे तर तुमचे १३० जातात. कॉइनेज या संशोधनाने कर २० टक्क्यांवर येतो, बँकिंगने शून्यावर. साथीदारांसाठीचा संदेश तीन शब्दांत बसवा, उदाहरणार्थ 'डावीकडे सहा नाइट'. 'अरे ये ना लवकर' यातून काहीच कळत नाही. शक्य असेल तर आवाजी कॉल लावा आणि हात खेळावर ठेवा.

मंकबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त हसू तिथेच येतं. १०० सोन्याचा मंक १३५ किमतीचा नाइट काही सेकंदांत आपल्या बाजूला वळवतो. दोन-तीन मंक भाल्यांच्या मागे ठेवा, लांबून धर्मांतर करा, आणि नाइटचा रंग बदलला की ३०. रंग बदलायच्या आधी ३० टाकू नका. बाण लागून मंक मेला की तोच आकडा तुमच्याकडे परत येतो. मंकविरुद्ध नाइटचा कळप पाठवू नका. लाइट कॅव्हलरीवर मंत्र उशिरा चालतो, आणि ती स्वस्तही आहे. मँगोनेल (दगडफेकीचं यंत्र) वापरणाऱ्यांनी आधी समोर आपलीच माणसं नाहीत ना ते बघावं. आपल्याच दगडाखाली आपले वीस तिरंदाज गेले की चॅटमध्ये शांतता पसरते आणि मग सात जणांचे ११ एकदम येतात.

टोमणा खेळावर असावा, माणसावर नाही. जात, घरचे, बोली, कोण कुठल्या गावचा, हे बाहेर. अनोळखी लोकांसोबत ११ आणि १४ च्या पुढे जाऊ नका, आणि समोरचा शिव्यांवर उतरला तर उत्तर न देता म्यूट करा. कोणाचं कनेक्शन तुटलं असेल तर १३ टाकू नका. वीज गेलेल्या माणसाला ते लागतं. मित्रांमध्ये मात्र टोमण्याला नेमकेपणा हवा. 'तू वाईट खेळतोस' यात काही मजा नाही. 'तुझ्या टीसीशेजारी टॉवर टाकलाय, घरपट्टी तू भरणार की मी?' यात त्याची चूक, जागा आणि पुढचा धोका तिन्ही आलं.

गाव पडत असेल तर लगेच राजीनामा देऊ नका. तुम्ही गेलात की तुमच्याकडचं सामानही साथीदारांच्या उपयोगाचं राहत नाही. मार्केट उभं असेल तर सोनं आणि अन्न पॉकेटला ढकला, उरलेले आठ-दहा व्हिलेजर त्याच्या गावामागे न्या, तिथे शेतं आणि नवं मार्केट टाका. सोनं संपल्यावर तिथूनच ट्रेड कार्ट (१०० लाकूड, ५० सोनं) सोडता येतात. साथीदाराचं मार्केट जितकं लांब, तितकं फेरीमागे सोनं जास्त. खरोखर काहीच उरलं नसेल तर आधी 'जीजी' (गुड गेम) लिहा, मग बाहेर पडा. जिंकलेल्याने तेव्हा ११ टाकायचं नसतं. ते पुढच्या डावात, पहिली मेंढी पळवल्यावर.