तीन मिनी पीसींवर सेफ: घरच्या लॅबसाठी शेअर्ड स्टोरेज

घरी एकाच मशीनवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टिम) चालतंय तोवर स्टोरेजची चिंता नसते. दुसरं मशीन आलं की प्रश्न पडतो: पहिलं बंद पडलं, तर त्याच्या डिस्कवर अडकलेलं व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, दुसरीकडे चालू कसं करायचं? नास (नेटवर्कवर जोडलेली स्टोरेजची पेटी) आणून सगळं तिच्यावर ठेवता येतं, पण मग नास बसली की सगळंच बसलं. सेफ हे सॉफ्टवेअर तीन मशीनमधल्या डिस्क एकत्र गुंफतं आणि सगळ्या डेटाच्या तीन प्रती तीन मशीनवर ठेवतं. (नावाचा तिजोरीशी संबंध नाही, ते सेफॅलोपॉडवरून, म्हणजे ऑक्टोपसच्या कुळावरून आलंय.)

आधी खरेदी, कारण चूक इथेच होते

मशीन तीन तरी हवीत, दोनातलं एक बंद पडलं की बहुमत उरत नाही. प्रत्येकात सिस्टिमसाठी एक छोटी डिस्क आणि सेफसाठी एक वेगळी, कोरी एसएसडी. सेफची प्रत्येक डिस्क साधारण ४ जीबी रॅम खाते, तेव्हा मशीनमागे ३२ जीबी असली तर बरं.

मी पहिल्यांदा सगळ्यात स्वस्त एसएसडी घेतल्या आणि डेटाबेसचं व्हीएम गोगलगाय झालं. सेफ प्रत्येक राइट डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री मागतो. पॉवर-लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी हातातला डेटा वाचवणारी सोय) असलेली डिस्क ती चटकन देते, साधी डिस्क दर वेळी रखडते. सेकंडहँड एंटरप्राइज एसएसडी घ्या, नव्या स्वस्त डिस्कपेक्षा कधीही सरस.

नेटवर्कचंही तसंच. एक राइट आली की पहिली डिस्क तीच गोष्ट आणखी दोन मशीनना पाठवते. १ गिगाबिटची तार सेकंदाला ११० एमबीच्या आसपास नेते, त्यात दोन प्रती म्हणजे जेमतेम ५५. दोन पोर्टची १० गिगाबिट कार्डं घेऊन तिन्ही मशीन एकमेकांना थेट जोडली तर स्विचचा खर्चही वाचतो, मात्र त्याचं रूटिंग हातानं बसवावं लागतं.

जोडणी

१. तिन्हींवर प्रॉक्समॉक्सची एकच आवृत्ती टाका. पहिल्यावर क्लस्टर (मशीनचा गट) बनवा, त्याची जॉइन माहिती कॉपी करून बाकी दोन जोडा. जोडताना त्या दोघांवर एकही व्हीएम नसावं. क्लस्टरचं आपसातलं बोलणं १ गिगाबिटच्या वेगळ्या तारेवर ठेवा. सेफच्या गर्दीत ते गुदमरलं तर मशीन एकमेकांना मेलेली समजतात.

२. नोडच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनच्या, मेनूत सेफवर क्लिक करून नो-सबस्क्रिप्शन रिपॉझिटरीतून तिन्हींवर इन्स्टॉल करा. नेटवर्क विचारेल तिथे वेगवान तारेची रेंज द्या.

३. तिन्ही नोडवर मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणारा) आणि मॅनेजर (देखरेख आणि आकडेवारी पाहणारा) बनवा.

४. सेफची डिस्क वाइप करून प्रत्येक नोडवर ओएसडी (ती डिस्क सांभाळणारा सेफचा भाग) तयार करा. डिस्क एकत्र जोडणारं रेड (RAID) कार्ड मध्ये नको, सेफला डिस्क थेट दिसायला हवी.

५. पूल (व्हीएमसाठीची सामाईक जागा) बनवताना साइझ, म्हणजे एकूण प्रती, ३, मिन साइझ, म्हणजे काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती, २ आणि 'ॲड अ‍ॅज स्टोरेज'वर टिक. मिन साइझ १ करून अडचणीतून सुटायचा मोह होतो. एकाच प्रतीवर राइट चालू असताना ती डिस्क गेली तर डेटा गेला.

१ टीबीच्या तीन डिस्कमधून हाती १ टीबीच येतो, आणि ८५ टक्क्यांना सेफ कुरकुरायला लागतो. पाऊणच्या वर भरू नका.

मग तार उपटा

बॅकअप आधी वेगळ्या ठिकाणी घ्या, कारण चुकून डिलीट केलेलं व्हीएम तिन्ही प्रतींमधून एकदमच जातं. तिन्ही मशीन यूपीएसवरही असू द्यात. लाइट गेली की तिन्ही एकत्र जातात, तिथे प्रती उपयोगाच्या नाहीत.

आता एक व्हीएम पूलवर ठेवा, त्याला एचए (मशीन पडलं की व्हीएम दुसरीकडे आपोआप चालू करणारी सोय) लावा आणि ते ज्या नोडवर आहे त्याची पॉवर काढा. दोनेक मिनिटांत ते दुसरीकडे बूट होईल. सेफ पिवळा पडेल, घाबरू नका. पॉवर परत दिली की मागे राहिलेला डेटा तो आपोआप भरून काढतो आणि पुन्हा हिरवा होतो.