अपघाताचा खटला: ‘कबूल करा, मोकळे व्हा’ ऐकण्याआधी

धडक झाली, समोरच्याला लागलं, पोलिसांनी तुमच्यावर गुन्हा नोंदवला आणि काही महिन्यांनी समन्स आलं. कोर्टाच्या आवारात कुणीतरी हमखास सांगतं, ‘कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.’ चूक तुमचीच असेल तर तो मार्ग आहे. नसेल तर थांबा. कबुलीवर शिक्षा नोंदली जाते आणि जखमीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागितली की तीच कबुली तुमच्याविरुद्ध पुढे येते.

आधी समन्सवरची कलमं वाचा. सहसा भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ असतं: बेदरकारपणे वाहन चालवणं, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुखापत असेल तर कलम १२५, शिवाय मोटार वाहन कायद्याचं १८४. अपघात १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर जुन्या दंडविधानाची २७९, ३३७, ३३८ दिसतील.

पुराव्याचं काम मात्र समन्सची वाट पाहत बसू नये. दुकानांच्या सीसीटीव्हीवर जुनं चित्रण पुसून नवं चढत राहतं, म्हणून ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात लगेच द्या आणि पोच घ्या. डॅशकॅमचं मूळ कार्ड तसंच ठेवा. चित्रणाची प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं.

दोषारोपपत्राच्या प्रती विनामूल्य मिळतात, त्या मागून घ्या. त्यातला घटनास्थळ पंचनामा सर्वांत महत्त्वाचा. रस्त्याची रुंदी, चाकांच्या खुणा, काचा कुठे पडल्या, गाड्या कोणत्या बाजूला होत्या, हे सगळं मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालातल्या नुकसानीशी जुळवून पाहा. फिर्यादीत ‘मागून ठोकलं’ आणि अहवालात तुमच्या गाडीचा डावा दरवाजा चेपलेला, अशी विसंगती सापडली तर अर्धं काम झालं.

तारखेला न्यायाधीश आरोप सांगून विचारतात, गुन्हा कबूल आहे का? उत्तर दोनच शब्दांचं: ‘कबूल नाही.’ तिथे सारी हकिगत सांगू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. तारखेला जाता येत नसेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज वकिलामार्फत द्या. नुसतं न गेल्यास वॉरंट निघतं.

मग सरकारी साक्षीदार येतात आणि खरी लढाई उलटतपासात होते. सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. फिर्यादींमध्ये ‘भरधाव वेगाने’ हा शब्द जणू छापील असतो. पण कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, नुसत्या ‘भरधाव’ म्हणण्यातून बेदरकारपणा किंवा हयगय सिद्ध होत नाही. म्हणून साक्षीदाराला विचारायचं: तुम्ही कुठे उभे होता, धडक पाहिली की आवाज ऐकून वळलात, वेग कशावरून ठरवला?

सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश तुम्हाला प्रश्न विचारतात. तुमची बाजू मांडण्याची, आपले साक्षीदार आणण्याची वेळ ती.

शिक्षा झाली तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. सुटका झाली तर निकालाची प्रमाणित प्रत लगेच काढून विमा कंपनीला द्या. भरपाईचा दावा तेवढ्याने संपत नाही. न्यायाधिकरणात पुराव्याची कसोटी सौम्य असते आणि तिथे वेगळी बाजू मांडावी लागते.