ग्रीस गन घ्यायला येताना खिशात निपल घालून या

गोव्यात उसगाव तिस्कावर आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे टिपरवाले, जेसीबीवाले, सत्तरी तालुक्यातले पॉवर टिलर आणि पंप असलेले कुळागरवाले, म्हणजे सुपारीच्या बागायतीवाले. शिवाय मेहुण्याचा मालीमला मासेमारीचा ट्रॉलर, म्हणून जेटीवरच्या चार लोकांचाही फोन येतो. या सगळ्यांना एक वस्तू सारखी लागते आणि सारखी बिघडते, ती म्हणजे ग्रीस गन. मशीनच्या सांध्यावर ग्रीस आत घ्यायचं छोटं तोंड असतं, ते निपल; त्यातून ही गन दाबाने ग्रीस भरते. काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पात्रांव, बरी गन केवढ्याला?’ मी दर सांगत नाही. आधी विचारतो, ग्रीस कशाला मारणार?

कारण लिव्हरची गन वेगळी आणि पिस्तूल वेगळी. लिव्हरच्या गनला दोन्ही हात गुंततात, पण जोर मोठा मिळतो. पोकलेनच्या बूमच्या पिना, जेसीबीच्या बकेटच्या पिना, टिपरच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) शॅकल पिना, अशा घट्ट बसणाऱ्या जागांना तीच हवी. पिस्तूल गन एका हाताने चालते, दुसऱ्या हाताने नळी निपलवर धरता येते. गाडीखाली उताणं पडून यूजे क्रॉसच्या (प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याच्या) निपलपर्यंत पोचायचं तर ती सोयीची, पण दाब कमी देते. एकच गन घेणार असाल तर लिव्हरची घ्या, वर एक हातभर रबरी नळी घ्या. बॅटरीच्या गना दिवसभर मशिनं ग्रीस करणाऱ्याने घ्याव्यात. दोन टिपरवाल्याला त्याची गरज नाही.

आता खोक्यावरच्या आकड्याविषयी. ‘१०,००० पीएसआय’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, म्हणजे सुमारे ६९० बार दाब. गिऱ्हाईक तो आकडा वाचतं आणि खूश होतं. पण हा दाब कुठल्याही साध्या गनमध्ये कागदावर काढता येतो. प्लंजर, म्हणजे ग्रीस ढकलणारा दट्ट्या, बारीक ठेवला आणि लिव्हर लांब केली की दाब वाढतो. त्याच हिशेबाने एका ठोक्याला पडणारं ग्रीस घटतं. खरा प्रश्न असा की तो दाब आला तर गनचं डोकं, आटे आणि सील तो किती महिने सोसतील. त्याचं उत्तर खोक्यावर नसतं, गनमध्ये असतं. म्हणून गन हातात घेऊन बघायची.

माझ्या गल्ल्यात जुन्या स्पीकरचं एक लोहचुंबक असतं. गनच्या डोक्याला, म्हणजे लिव्हर बसते त्या भागाला, लावून बघा. चिकटलं तर डोकं बिडाचं किंवा पोलादाचं. घसरून पडलं तर जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ओतीव धातूचं. ओतीव डोकं लगेच फुटतं असं मी म्हणत नाही. घरच्या पंपाला आणि गेटच्या बिजागऱ्यांना ते पुष्कळ वर्षं जाईल. पण जिथे रोज बॅरल (ग्रीसचं नळकांडं) काढून ग्रीस भरायचं, तिथे त्या मऊ आट्यांत रेतीचा एक कण अडकला की आटे सोलवटतात. मग बॅरल फिरत राहतं, बसत नाही, आणि ग्रीस सांध्यातून बाहेर. दुकानात परत येणाऱ्या गना बघितल्या तर दाबाने फुटलेली क्वचितच. आटे गेलेल्या ढीगभर.

बॅरल डोक्यात बसवून-काढून बघायचंच. पहिले दोन आटे बोटांनी, जोर न लावता बसले पाहिजेत. वाकडं धरलं तर चढू नये. बॅरलच्या कडेची जाडी नखाने चाचपा, आणि अंगठ्याने मधोमध दाबा. दबलं तर ती गन टिपरच्या टूलबॉक्समध्ये जॅकच्या शेजारी महिनाभरही धड राहणार नाही. बॅरलला एक पोचा पडला की आतला रबरी बकेट वॉशर तिथे अडतो, अर्धं ग्रीस मागे राहतं, आणि मालक म्हणतो गन हवा धरते.

मग मागचा दांडा ओढा. पूर्ण ओढल्यावर खाचेत पक्का अडकला पाहिजे, कारण आतली स्प्रिंग जोरदार असते आणि निसटली तर बोटांना लागते. सोडल्यावर स्प्रिंग एकसारखी पुढे यावी, मध्ये अडखळू नये. आपल्याकडे काडतुसाचं, म्हणजे तयार नळीत भरून येणारं, ग्रीस फार कोणी वापरत नाही. ४०० ग्रॅमचं काडतूस परदेशी मशिनवाल्यांकडे दिसतं, बाकी सगळे डब्यातलं किंवा बादलीतलं भरतात. बऱ्याच गनमध्ये या दोन्ही पद्धतींसाठी वॉशरची कड उलटीसुलटी करावी लागते. काडतुसासाठी लावलेल्या वॉशरने डब्यातलं ग्रीस ओढायला गेलात तर दांडा हवाच ओढत बसेल. विकत घेतानाच विचारा, वॉशर कुठल्या बाजूने बसवला आहे.

आता निपल. येताना आपल्या मशीनचं एक निपल काढून खिशात घालून या, किंवा आमच्याकडून पाच-दहा रुपयांचं घ्या. गनच्या नळीच्या टोकाला निपल पकडणारा कपलर असतो, त्यात ते निपल सरळ दाबा. ‘खट्’ करून बसलं पाहिजे. सरळ ओढलं तर सुटता कामा नये. थोडं तिरकं केलं की सुटलं पाहिजे. कपलरच्या तोंडात डोकावून जबडे मोजा, तीन किंवा चार असतात. चार जबड्यांचा कपलर निपलला चारी बाजूंनी धरतो. जबड्यांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत, आणि मध्ये रबराचं छोटं सील पाहिजे. हल्ली खटक्याचा कपलरही मिळतो, दाबला की निपल धरून ठेवतो, दोन्ही हात पंपाला मोकळे. महाग आहे, पण मी तो मुद्दाम सुचवतो. बाकी गन साधी असली तरी चालेल, कपलर चांगला हवा. जुना कपलर गळायला लागला तर टाकू नका. पुष्कळ कपलरची बाहेरची बाही थोडी आवळली की जबडे परत घट्ट होतात.

कपलर किंवा नळी वेगळी घेणार असाल तर आट्यांकडे लक्ष. बीएसपी आणि एनपीटी ही आट्यांची दोन वेगळी मापं. १/८ इंच बीएसपीला इंचाला २८ आटे, १/८ इंच एनपीटीला २७. दिसायला सारखेच. एकात दुसरा दीड फेरा बसतोही, मग पाना लावून आवळतात आणि आटे मारून टाकतात. जर्मन मापाच्या गनला एम१० × १ असते, ती तिसरीच. जुना तुकडा घेऊन या आणि जोडून बघूनच पैसे द्या.

काउंटरच्या टोकाला मी एक लोखंडी ठोकळा ठेवलाय. त्यात आरपार न गेलेलं एक भोक आहे, त्यावर निपल बसवलेलं. कोणाला गन घ्यायचीच असली की आम्ही तिच्यात थोडं ग्रीस भरतो, हवा काढतो, रबरी नळी न लावता पोलादी पाइपने ठोकळ्याला जोडतो आणि पंप करतो. दोन-चार ठोके जातात, मग लिव्हर दगडासारखी उभी राहते. आता लिव्हरवर जोर तसाच धरून ठेवा. चांगल्या गनची लिव्हर जागची हलत नाही. वाईट गनची हळूहळू खाली बसत जाते, आणि डोक्यात प्लंजर जातो तिथून ग्रीसचा बारीक दोरा बाहेर येतो. म्हणजे प्लंजर आणि त्याचं भोक यांचं माप जुळलेलं नाही. मग जोर सोडा. लिव्हर आपोआप उसळून वर आली तर आतला छर्रा, म्हणजे ग्रीस मागे येऊ न देणारी गोळी, नीट बसत नाही; गेलेलं ग्रीस परत येतंय. ही परीक्षा करताना तोंड बाजूला ठेवायचं.

तोंड बाजूला ठेवायचं कारण गंभीर आहे. या दाबाने सुटलेली ग्रीसची धार कातडीतून आत शिरते. बाहेर सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि माणूस फडक्याने पुसून कामाला लागतो. आतमध्ये ग्रीस बोटाच्या नसांच्या कडेने पसरत जातं; उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. असं कधी झालं तर दुखायची वाट बघू नका, तडक बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा आणि ग्रीस दाबाने आत गेलंय हे शब्द वापरून सांगा. हातातली नळी याच कारणासाठी बघून घ्यायची. गन १०,००० पीएसआय काढते आणि नळी तीन-चार हजार पीएसआयचीच असते, असं सर्रास होतं. नळीवर छापलेला आकडा वाचा, तो गनपेक्षा कमी असेल तर जाम निपलवर ती नळी लावू नका. नळीच्या टोकाला स्प्रिंगचं कवच असावं, आणि हात कवचावर असावा.

गन खराब म्हणून आणलेल्या कित्येक गना चांगल्या निघतात. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, टिपर रांगेने उभे राहिले. पुढे काही सुरू झाल्या, २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. उभ्या गाडीच्या पिनांतलं ग्रीस सुकून साबणासारखं होतं, त्यात आमच्या भागातली लाल माती. अशा निपलमधून कुठलीच गन ग्रीस घालू शकत नाही. म्हणून नवी गन घेण्याआधी जुनी गन नव्या निपलवर लावून बघा. चालली तर दोष निपलचा. ते बदला, पिन थोडी हलवा, परत मारा. किंगपिनला (पुढचं चाक वळतं त्या पिनेला) मारताना पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून मारा, नाहीतर भार ज्या बाजूला असतो तिथे ग्रीस पोचतच नाही.

कुळागरवाल्यांना वेगळंच सांगावं लागतं. पिनेला ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारतात, तेच ते मोटरच्या बेअरिंगलाही करतात. बेअरिंग भरून वाहिलं की तापतं आणि सील जातं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणा, ०.००५ने गुणा, तेवढे ग्रॅम. ६३०८ बेअरिंग ९० बाय २३, म्हणजे साधारण १० ग्रॅम. आपली गन एका ठोक्याला किती देते ते घरच्या वजनकाट्यावर काढा, कागदावर दहा ठोके मारून दहाने भागायचं. बहुतेक लिव्हर गना ग्रॅमच्या आसपास देतात. पण दहा-दहा ठोक्यांची दोन वजनं बरीच वेगळी आली, तर त्या गनमध्ये हवा आहे किंवा छर्रा गळतोय.

ग्रीस कुठलं, यावर आमच्याकडे तासभर वाद होतो. थोडक्यात, गनमधून मारायला एनएलजीआय २ नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर) ईपी, म्हणजे जड भाराचं, ग्रीस सोपं. ३ नंबरचं घट्ट असतं, भरताना हवेचे खिसे राहतात. ते हाताने चाकाच्या बेअरिंगमध्ये भरायला ठीक. खाऱ्या पाण्यात विंच असेल तर कॅल्शियम सल्फोनेटचं घ्या, मेहुणा तेच वापरतो. दोन जातींची ग्रीसं एका गनमध्ये घालू नका. लिथियमचं आणि बेंटोनाइट मातीचं ग्रीस एकत्र आलं की मऊ पडून गळू शकतं. दोन गना ठेवा, बॅरलवर वेगवेगळ्या रंगाची टेप लावा.

जेटीवर गन वर्षभरात गंजते ती बाहेरून कमी, मागच्या टोपणातून जास्त. दांड्याच्या भोकातून खारी हवा आणि पाणी आत जातं आणि स्प्रिंग खाते. बॅरलवर जस्ताचा मुलामा असलेली गन घ्या, आणि आठवड्याला दांड्यावर ग्रीसचा हात फिरवा. काम झाल्यावर दांडा मागे ओढून अडकवा. स्प्रिंगचा दाब सतत राहिला तर ग्रीसमधलं तेल वेगळं होऊन कपलरमधून ठिबकतं. कपलरवर टोपी घाला. टोपी नसेल तर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधा, तीही चालते.

दर शेवटी. तीनशे-चारशेची गन आणि दीड-दोन हजारांची गन शेजारी ठेवून मी गिऱ्हाइकाला एकच विचारायला सांगतो: हिचा वॉशर, छर्रा-स्प्रिंग आणि कपलर वेगळे मिळतात का? गुरुग्रामच्या ग्रोझचे किंवा लिंकनचे सुटे भाग मागवता येतात. नाव नसलेल्या गनचे मागवायचे कोणाकडून? घेतानाच एक जादा बकेट वॉशर घेऊन ठेवा. पुढे दुसरा लागला तर जुन्याच्या मापाने मागू नका. रबर ग्रीसमधल्या तेलाने फुगलेलं असतं, त्या मापाचा नवा बॅरलमध्ये जाणारच नाही. बॅरलचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून आणा.